उजव्या हाताचा झरा

डोंगर निम्मा उतरून झाला तेव्हा उलटेकाका म्हणाले, "जरा थांबा, मला एक सांगायचंय."  दगडावर बसले, पायातली वहाण काढून झटकली, पुन्हा घातली.

आम्ही चौघं होतो. पुढे वेशीवरचा शिपाई, त्याच्यामागे लोहार, लोहाराच्या पाठीला कापडात गुंडाळून बांधलेली पाण्याची सुरई, मग मी, आणि शेवटी काका. ज्या पाण्यासाठी घरदार सोडून निघालो ते मिळालं होतं. सकाळी विहिरीच्या काठावर आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडून रडलोही होतो. काका तेवढे रडले नव्हते. ते दोर गुंडाळत होते आणि मध्येच हात थांबवून त्या दोराकडे बघत होते.

उलटेकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. आमच्या गल्लीच्या मागे त्यांची दोर वळायची लांबलचक पडवी होती. एका टोकाला चाक, चाकावर त्यांची मुलगी, आणि काका कमरेला वाखाचे तंतू गुंडाळून, बोटांनी ते सोडत सोडत मागे मागे चालत जायचे. उभा जन्म असा उलटा चालण्यात गेला, म्हणून उलटेकाका. कुणी थट्टा केली तर म्हणायचे, "तुम्ही लोक पुढे बघून चालता आणि तरी ठेचकाळता. मला निदान कुठून आलो ते दिसत असतं."

बायको लवकर गेली. मुलगी नवऱ्याने टाकली म्हणून परत आली ती पोटुशी होऊनच. तिचं बाळंतपण मी केलं. माझा धंदाच तो, सुइणीचा. नात झाली हे सांगायला बाहेर आले तेव्हा काका पडवीत दोर वळत होते. थांबले नाहीत. म्हणाले, "आता थांबलो तर पीळ बिघडेल, बाई. शेवटापर्यंत जाऊन येतो." टोकाला पोचले, गाठ मारली, आणि मग तिथेच भिंतीला डोकं टेकून उभे राहिले, ते मी बाळाला न्हाऊ घातलं तरी तसेच. पुढे नात रांगायला लागली तेव्हा ती रस्त्यावर जाऊ नये म्हणून तिला पातळ दोरीने स्वतःच्या कमरेला बांधायचे. बायका चिडवायच्या, "काका, गाय पाळलीत का?" तर म्हणायचे, "गाय कसली, मालकीण आहे. तिने ओढलं की मी जातो."

त्या हिवाळ्यात गावातली लहान मुलं झोपली आणि उठेनात. आधी लोहाराचा मुलगा, मग शिपायाची मुलगी, मग घरटी एखादं, आणि त्यातच काकांची नात. ताप नाही, पुरळ नाही. श्वास चालू, डोळे मिटलेले. मी घरोघर जाऊन कापसाच्या वातीने त्यांच्या ओठांत दूध सोडत होते. गिळायची. पण दिवसेंदिवस कमी गिळायची. कुशीवर वळवताना बरगड्या हाताला टोचायला लागल्या.

खिंडीत एक म्हातारी राहते. डोंगराच्या पोटातल्या विहिरीची राखण तिच्या घराण्याकडे आहे. तिने आम्हाला सगळं नीट समजावलं होतं. विहिरीच्या तळाशी दोन झरे आहेत. उगवतीकडे तोंड करून उतरायचं. उजव्या हाताच्या झऱ्याने ही झोप उतरते, डाव्या हाताच्या झऱ्याने ती कायमची होते. दोन्ही पाणी दिसायला, चवीला एकच. जागत्या माणसाने प्यायलं तर ते नुसतं पाणी. हात एकाच झऱ्याला लावायचा, आणि पाणी वर आलं की विहीर वर्षभरासाठी मिटते. लोहार अंगाने दणकट म्हणून तो उतरला. आम्ही तिघांनी दोर सोडला, आम्हीच ओढला. तो वर आला आणि त्याच्यामागे दगड पापणीसारखे मिटले.

आता त्या उतारावर काकांनी मान वर केली. "लोहारा, खाली जाताना दोर फिरला का रे?"

"फिरला थोडा."

"थोडा म्हणजे?"

"म्हणजे काय काका, अंधारात टांगलेला माणूस मोजत बसतो काय? गरगरलं जरा. पाय टेकले आणि बरं वाटलं."

काकांनी आपले तळहात एकमेकांवर घासले. मग म्हणाले, "नवा दोर फिरतो. वजन पडलं की पीळ सुटायला लागतो आणि त्याच्या टोकाला जे असेल ते भोवऱ्यासारखं फिरतं. म्हणून वळून झाल्यावर तो भिजवायचा, दगड टांगून ताणत ठेवायचा. फिरायचा थांबून निवला की मग माणसाला द्यायचा. माझ्या बापाने मला हे पहिलं शिकवलं. या खेपेला मी ताणला नाही. नात दूध गिळेनाशी झाली होती. म्हटलं, तुटणार तर नाही."

ही गोष्ट त्यांनी पोटात ठेवली असती तर कुणाला कधी कळली नसती. लोहाराला तर नाहीच.

"हे आता सांगताय?" शिपाई म्हणाला.

"मला सकाळी कळलं. दोर गुंडाळताना. पीळ मोकळा लागला हाताला. तोवर विहीर मिटली होती."

लोहाराच्या कपाळाची शीर ताठली. "मला उजवं-डावं कळत नाही काय? घण कोणत्या हाताने मारतो मी?"

"हात तुझा उजवाच होता, बाळा. तोंड कुठे होतं?"

 शिपाई लोहाराच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. "ऐक. म्हाताऱ्याचं सोड. तू छातीवर हात ठेवून सांग, झरा उजवाच होता?"

"उजवाच."

"पक्कं?"

"शंभरदा विचार. उजवाच."

"झालं तर मग. पहिला घोट तुझ्या पोराला."

   लोहाराने छातीवरची गाठ सोडली, सुरई हळूच उतरवली आणि गवतावर ठेवली, झोपलेलं मूल ठेवावं तशी. म्हणाला, "पाय टेकले तेव्हा तोंड उगवतीकडे होतं की नाही ते मला आठवत नाही."

शिपायाने त्याचा गळा धरला. मी मध्ये पडले, मलाही कोपर लागलं, त्याचा वळ पुढे महिनाभर होता. काका मात्र जागचे हलले नाहीत. "त्याला सोड," एवढंच म्हणाले. "दोर माझा होता. मला धर."

शिपायाने लोहाराचा गळा सोडला. म्हाताऱ्या माणसाला मारणं त्याच्याने झालं नाही.

डोंगराच्या पायथ्याशी रस्ता फुटतो. एक खाणींकडे जातो, एक आमच्या गावाकडे. लोहाराने खाणींचा धरला. मी हाक मारली, "अरे, बायको वाट बघत असेल." तो वळला नाही. "सांगा तिला, लोहार विहिरीतच राहिला," म्हणाला आणि गेला. त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी उभी होते. इतका मोठा माणूस, पण चालताना खांदे असे पडले होते की मागून म्हातारा वाटावा.

शिपाई गावाच्याच रस्त्याला लागला, पण आमच्याबरोबर नाही. "मी पुढे जातो आणि दार लावून घेतो," तो म्हणाला. "ती सुरई घेऊन माझ्या उंबऱ्याशी कुणी यायचं नाही. आलात तर ओळख दाखवणार नाही."

"भाऊ," मी म्हटलं, "वातीभर दुधावर तुझी लेक कितीक दिवस काढेल?"

"काढील तितके काढील. माझ्या हाताने तर जाणार नाही."

तो झपाझप पुढे निघून गेला.  

मग आम्ही दोघंच उरलो. सुरई काकांनी पाठीला बांधली. दोर त्यांनी त्या फाट्यावरच टाकून दिला. मी म्हटलं, "कामाचा आहे, असू दे," तर म्हणाले, "आता निवलाय तो. आता काय उपयोग." दुपारभर आम्ही चाललो. वाटेत ते इतर गोष्टी बोलत राहिले. चाकाला तेल द्यायचं राहिलंय, पडवीचं छप्पर गळतं, मुलीला दोराचं मोठं गिऱ्हाईक बघून दिलं पाहिजे. एकदा हसलेसुद्धा. नात एकदा त्यांची पगडी घालून पडवीत उलटी चालली होती आणि वाखाच्या ढिगात पडली होती, ते आठवून. हसता हसता त्यांनी माझ्या खांद्याला धरलं.

गावाची घरं दिसायला लागली तेव्हा ते थांबले.

"बाई, एक मागतो. नाही म्हणू नका."

"बोला काका."

"पहिला घोट माझ्या नातीला. दुसऱ्या कुणाच्या मुलाला आधी नाही, कुणी कितीही घाई केली तरी. आणि तो तुम्ही पाजायचा. या जगात आली तेव्हा तिचं डोकं तुमच्याच हातात होतं. माझ्याने व्हायचं नाही, आणि तिच्या आईला मी हे करायला लावणार नाही. तिला सगळं मी आत शिरल्या शिरल्या सांगेन. ती मला काय म्हणायचं ते म्हणू दे. तुम्ही मध्ये बोलू नका."

मी होकाराची मान हलवली. मला वाटलं, एवढंच आहे.

"उठली तर देवाची कृपा. वाटा मग घरोघर," ते म्हणाले. "नाही उठली, तर लोक तरीही मागतील. पाया पडतील. म्हणतील, एकीला नाही लागू पडलं, माझ्याला पडेल. आईबाप आहेत ते, त्यांचं काही चुकत नाही. मी तिच्यापाशी बसलेला असेन, माझ्याकडून उठवणार नाही. तेव्हा सुरई तुम्ही उचलायची, सगळ्यांच्या देखत दारासमोर जायचं, आणि थेंब न ठेवता मातीत ओतायची. कराल एवढं?"