राजवाड्याच्या बागेतली हाक

पालीला एसटीत चढल्यावर मी ह्यांना खिडकीशी बसवले आणि स्वतः कडेला बसले. मधेच उठून उतरायला निघाले तर माझ्यावरून जावे लागेल, एवढाच हिशोब. मुंबईची नोकरी संपवून गावी आल्यापासून ह्यांचे विसरणे वाढतच चालले आहे. परवा आमच्याच पाणंदीत (दोन गडग्यांमधली वाट) उभे राहून आमचे घर विचारत होते.

लहानपणी आईबरोबर रत्नागिरीचा राजवाडा पाहिलेला मात्र ह्यांना लख्ख आठवतो. तोच हट्ट धरून बसले होते. मुलगी फोनवर म्हणाली, घेऊन जा, बाबांना बरे वाटेल. पण एकटीने मी कधी कुणाला वाटसुद्धा विचारलेली नाही.

हातखंब्याच्या पुढे सडा (जांभ्या दगडाचे उघडे माळरान) लागला. वाळलेले गवत वाऱ्यावर लवत होते. हे बोटाने दाखवत होते, मी त्यांच्या सदऱ्याचे टोक मुठीत धरून होते.

राजवाडा लाल, भला मोठा. माडीवर रंगीत काचांतून आलेले ऊन फरशीवर सांडले होते. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी देशाबाहेर काढून इथे ठेवले, तो समुद्राकडे बघत बसायचा, असे तिथला पहारेकरी सांगत होता.

ह्यांनी विचारले, "मग घरी कधी गेला?"

"नाही गेला, काका. इथंच वारला."

हे खिडकीशी जाऊन समुद्राकडे बघत राहिले. त्या रिकाम्या दालनात मी त्यांचा सदरा पुन्हा मुठीत धरला.

जवळच्या बागेत बाकावर घावने आणि गूळखोबरे खाल्ले. खाली भाट्याची खाडी, माडांची दाटी, पलीकडे समुद्र. पाणी संपले म्हणून मी नळावर गेले. बाटली भरून वळले तर बाकावर डबा उघडा, आणि हे नाहीत.

"अहो," मी हाक मारली. तीन-चार पुरुषांनी माना वळवल्या. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "मी हाक मारते तेव्हा बरं ऐकू येत नाही तुम्हाला."

माळी धावत आला. "मावशी, नाव सांगा त्यांचं. ओरडतो मी."

माझी जीभ उचलेना. नवऱ्याचे नाव घेतले की त्याचे आयुष्य कमी होते, असे आमच्या घरी मानतात. लग्नात उखाण्यात घेतले, तेवढेच. मी म्हटले, पांढरा सदरा आहे.

"पांढरा सदरा अर्ध्या बागेच्या अंगात आहे, मावशी. नाव?"

तेवढ्यात मला ते दिसले. कठडा ओलांडून कड्याच्या टोकाशी उभे होते, तोंड समुद्राकडे. मी पुन्हा "अहो" म्हटले. वाऱ्याने ते माझ्याच तोंडात परत घातले. ह्यांनी एक पाऊल पुढे टाकले.

मी नाव घेतले. नुसते नाव, पुढे राव नाही की काही नाही, खेळात रमलेल्या पोराला दारातून मारतात तशी हाक. ते थांबले, वळले आणि मुकाट्याने माघारी आले. माळ्याने हात धरून त्यांना अलीकडे घेतले. मी तिथेच गवतावर बसले.

परतीच्या गाडीत ह्यांनी इकडेतिकडे बघितले. "आई कुठं गेली गो? आत्ता हाक मारलीन मला."

सासूबाईंना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्यामागे ह्यांना नुसत्या नावाने हाक मारणारे कुणी उरले नव्हते.

"पुढं गेल्या घरी," मी म्हटले. ते समाधानाने खिडकीला टेकून झोपले. मी मात्र पालीपर्यंत डोळे मिटले नाहीत, सदरा मुठीत होताच.

घरी आल्यावर दिवा लावला. देवाला सांगितले, आयुष्य कमी करायचेच असेल तर माझे कर. ते नाव मला पुन्हा लागणार आहे.