बिनपायांचा ‘ई’

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी गोंदियाच्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचो. इंग्रजी खिळ्यांचा आमच्याकडे एकच जुना संच होता. त्यातल्या अक्षरांना खाली-वर बारीक आडवी टोकं, पायांसारखी. उभी रेघ जाड, वळणं नाजूक. कोर्टाची नोटीस असो की लग्नपत्रिका, इंग्रजी म्हटलं की तोच संच निघायचा. दाब खाऊन खाऊन नाजूक रेघा झिजल्या होत्या, आणि छोटे ‘ई’ तर जेमतेम उरले होते.

अशात एका शाळेच्या हेडमास्तरांना बक्षीस समारंभासाठी इंग्रजी प्रशस्तिपत्रं हवी झाली. मजकूर एवढा लांब की अर्ध्यातच ‘ई’ संपले. मुंबईहून मागवले, तर खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीने होते ते पाठवले: बिनपायांचे, सरळसोट. प्रूफ बघून हेडमास्तर कडाडले, "अर्ध्या अक्षरांच्या पायात जोडे आणि अर्धी अनवाणी?"

"मग मजकूर कमी करा, सर."

"एक शब्द कमी होणार नाही."

शेवटी वरचा अर्धा भाग छापला, खिळे सोडवले, धुतले आणि त्याच खिळ्यांनी खालचा अर्धा जुळवला. प्रत्येक कागद मशीनवर दोनदा. ओळ जराशी सरकली की कागद रद्दीत. त्यातच हेडमास्तर पुन्हा हजर. "वरच्या भागात एक विशेषण राहिलं."

"वरचा भाग छापून झाला, सर."

"तुम्हा लोकांना घाई फार."

माझं डोकं सणकलं. ते विशेषण मी खाली कोंबलं.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी हेडमास्तर प्रशस्तिपत्र नाचवत आले. सगळ्या प्रतींत एक बिनपायांचा ‘ई’ घुसला होता. नवे खिळे मीच वैतागून पेटीतल्या जुन्यांच्या खणात टाकले होते, चूक माझीच. "सगळी परत गोळा करू, पुन्हा छापा," म्हणाले, आणि मलाही सोबत ओढलं.

पहिलं घर कामठा गावातलं. पहिला आलेल्या मुलाचा बाप धानाच्या बांधीतून, म्हणजे भातखाचरातून, चिखलाच्या पायांनी आला. प्रशस्तिपत्र त्याने काचेत बसवून भिंतीला लावलंही होतं. हेडमास्तरांनी चुकीचं अक्षर दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला.

"मले तं सारे सारखेच दिसून राहिले जी. पोराचं नाव बरोबर आहे ना?"

नाव हेडमास्तरांनी स्वतः शाईने लिहिलं होतं. "बरोबर आहे," ते म्हणाले.

"मंग मी काऊन काढून देऊ?"

त्याने दिलेलं पाणी पिऊन आम्ही निघालो, आणि पुढच्या घरी गेलोच नाही.

दुसऱ्या दिवशी मी जुन्यांच्या खणातून ते बिनपायांचे ‘ई’ एकेक करून वेचले. सगळी सकाळ त्यातच गेली. "काय करून राहिले?" छापखान्याच्या मालकांनी विचारलं. मी पुढचा ‘ई’ उजेडाकडे धरून त्याचे पाय शोधले.