आयव्हर प्यूचा अबोला

आयव्हर प्यू फार बडबड करतो म्हणून आमच्या गावातली पोरंटोरं त्याची टिंगल करतात. दुकानात, चर्चच्या पायरीवर, कुणीही भेटो, हा आपला चालूच. मला त्या हसणाऱ्यांचा राग येतो. हाच माणूस एके काळी चार महिने स्वतःच्या ड्रायव्हरशी चकार शब्द बोलला नव्हता. मी त्याच मालगाडीवर ब्रेकवाला होतो.

तेव्हा आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या लाइनवर उंट धावायचे. उंट म्हणजे इंजिनच. खाणीतला टाकाऊ चुरा जाळायचा म्हणून भट्टी इतकी रुंद केली की ड्रायव्हरची खोली मागे मावेना. मग ती बॉयलरच्या पाठीवर मधोमध बसवली. ड्रायव्हर तिथे, आयव्हरसारखा कोळसा टाकणारा फायरमन मागे उघड्यावर, मध्ये सगळं तापलेलं लोखंड. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. ज्याने हे इंजिन काढलं त्याला एक हिवाळा मागे उभा करायला हवा होता.

ड्रायव्हर गोमर प्रॉसर हा आयव्हरच्या बहिणीचा, हॅनाचा, नवरा. साहेबाने त्याला विचारलं, आयव्हरला ड्रायव्हर करू का? गोमर म्हणाला, "एवढ्यात नको, डोकं गरम आहे त्याचं." हे आयव्हरच्या कानावर गेलं आणि अबोला सुरू झाला. दुसऱ्या कुठल्या इंजिनावर तो दोन दिवस टिकला नसता. उंटावर आरामात टिकला.

शेवटी एका सकाळी हॅनाच भावाच्या दारात आली. मी तिथेच चहा पीत होतो.

"किती दिवस चालायचं हे? तो झोपेतसुद्धा तुझं नाव घेतो."

"मग जागेपणी घ्यायला काय होतं त्याला?"

"तू लहान आहेस, तू बोल. माझ्यासाठी."

आयव्हरने नाक मुरडलं. "बरं बाई. आज पाण्याच्या टाकीशी गाडी थांबली की बोलतो. रडगाणं बंद कर तुझं."

त्या दिवशी गाडी टाकीशी थांबलीच नाही. आम्हा मागच्यांना वाटलं, पाणी पुरेसं असेल. आयव्हरला वाटलं, हॅनाने घरी सांगितलंय आणि हा मुद्दाम तोंड चुकवतोय. तो भडकला आणि भट्टीत फावड्यामागून फावडं कोळसा लोटत राहिला.

मग शाळेजवळचं फाटक आलं आणि शिट्टी वाजली नाही. गोमर कितीही रुसला तरी तिथली शिट्टी चुकवणारा नव्हता. आयव्हरने फावडं फेकलं, बॉयलरच्या कडेच्या अरुंद फळीवरून दांडी धरत पुढे सरकला, वाफ बंद केली आणि ब्रेक लावला.

टाकी मागे पडली तेव्हाच आयव्हर पुढे बघायला गेला असता तर गोमर वाचला असता का, कोण जाणे. गावाने हा प्रश्न त्याला पुढे पुष्कळदा विचारला, लाज न बाळगता.

गाडी थांबताच मी पळत जाऊन वर चढलो. गोमर खिडकीला टेकून बसला होता. अंगावर जखम नव्हती. छातीनेच दगा दिला असावा. हात गार पडत चालले होते. आयव्हर त्याच्यापुढे गुडघे टेकून बोलत होता. रविवारी जेवायला येतो, चुकलं माझं, डोकं गरमच आहे माझं, तू म्हणालास ते खरं. श्वास घ्यायलाही थांबत नव्हता.

"आयव्हर, ऊठ. गेला तो."

"तू मध्ये पडू नकोस," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "रागावलाय जरा. बोलेल आता."