एक गट, दोन शेडनेट

आमच्या बियाणे कंपनीतील मंडळींनी माझ्याविषयी एक गोष्ट रूढ केली आहे. नव्या मुलीच्या हातून क्लाऊडवरचा डेटाबेस बिघडला आणि म्हाताऱ्या सरांनी अनुभवाच्या बळावर तो सावरला, अशी ती गोष्ट. माझ्या निवृत्तीच्या निरोपसमारंभात व्यवस्थापकांनी ती सांगितली, पुढे माझ्या थोरल्या मुलाने पाहुण्यांत सांगितली, आणि दर खेपेला तीत माझे शौर्य थोडे वाढत गेले. ही गोष्ट खोटी आहे. मी तेथे हजर होतो. किंबहुना बिघडवणारा मीच होतो. याविषयी माझ्याशी वाद घालण्याचा अधिकार फार तर दोघींना आहे, आणि त्या दोघी वाद घालत नाहीत.

मी क्लाऊडच्या विरोधात होतो, असेही सांगतात. तेही चूक. जालन्याच्या कार्यालयातील आमचा सर्व्हर बीजप्रक्रियेच्या खोलीलगत होता आणि बियाण्याला चोळायच्या लाल पावडरीने त्याचा पंखा वारंवार अडकत असे. तो तेथून हलवा, असे सर्वांत आधी मीच म्हटले. पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट मिळतो म्हणून मी निवडला, हेही अर्धसत्य. तो उघडा आहे, आत काय चालते ते वाचता येते, आणि उद्या मी नसलो तरी कोणाची परवानगी न मागता दुसरा कोणी तो चालवू शकतो, म्हणून निवडला. बीजोत्पादक शेतकरी, त्यांचे प्लॉट, त्यांच्या मालाचे लॉट आणि त्या लॉटच्या चाचण्या, असे चार मुख्य तक्ते मी बांधले होते. ते मला अजून पाठ आहेत.

क्लाऊडवर जाताना मी एक नवा नियम घातला: एका गावात एका गटनंबरावर एकच बीजोत्पादक. डेटाबेसने तो नियम स्वीकारला नाही, कारण काही गटांवर दोन-दोन नावे होती. ही नोंदणीतली पुनरावृत्ती आहे, असे मी ठरवले. चहाआधी एक कमांड चालवली. जुने नाव ठेवले, नवे पुसले आणि दोघांचे लॉट जुन्या नावाला जोडले. नियम लागू झाला. चहा मला गोड लागला.

सातबारा खोटे बोलत नाही, असे मी म्हणत असे. तो खोटे बोलत नाही हे खरे, पण सगळे सांगतही नाही. भाऊ वेगळे होतात, मधे दगड रोवून बांध घालतात, आणि कागद वर्षानुवर्षे सामाईकच राहतो. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. खुर्चीत बसल्यावर ते मला आठवले नाही, एवढेच.

पाच दिवसांनी धावड्याहून एक बाई आल्या. मिरचीच्या संकरित बियाण्याचे शेडनेट, म्हणजे जाळीखालचे शेत, त्या स्वतः सांभाळत. नवरा ट्रकवर असे. शुद्धतेच्या चाचणीत त्यांचा माल नापास दाखवला होता, आणि नापास झालेल्यास पुढील हंगामाच्या संकरासाठी लागणारे नर-मादी वाणांचे बी द्यायचे नाही, असा आमचा दंडक. बीवाटप दोन दिवसांवर होते.

"साहेब, फेल माल जेठाचा, माझ्या थोरल्या दिराचा हाय, माझा न्हाई," त्या म्हणाल्या. "दहा वर्षांत माझा माल कधी फेल गेल्ता का? बराबर बघा."

"बाई, कॉम्प्युटर माणसासारखा विसरत नाही," मी म्हणालो.

"त्याला भरवतं कोण, साहेब?"

शेजारच्या टेबलावर ती मुलगी बसली होती. मंठ्याची, इंजिनिअर, वर्षभरापूर्वी लागलेली. तिने गटनंबर विचारला, पडद्यावर पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. मला सारे कळले: ठेवलेले जुने नाव बाईंचे होते, पुसलेले जेठाचे. माल उतरवताना नोंद थेट फोनवरून होत असे. कागदी पावती मीच बंद केली होती. कोणता लॉट कोणाचा, हे आता कोठेच लिहिलेले नव्हते.

"सगळा डेटाबेस पाच दिवस मागे ने," मी फर्मावले.

"मंग पाच दिवसांच्या चाचण्या कुठं जातील, सर? तालुकाभरच्या हायेत."

चालता डेटाबेस तसाच ठेवून तिने क्लाऊडवर एक वेगळा सर्व्हर उभा केला. आठवड्यापूर्वीची नक्कल त्यावर उतरवली आणि तेव्हापासूनचा प्रत्येक बदल क्रमाने त्या नकलेवर चढवत आणला. हे बदल जपून ठेवायला तीन दिवस पुरेत, असे मी म्हटले होते. पंधरा ठेवते, असे तिने मला बजावले होते. मी तिच्याकडे लक्ष दिले नव्हते.

"कमांड किती वाजता दिल्ती, सर?"

"साडेतीनच्या सुमारास."

तिने कोणी केव्हा काय केले याची नोंद, म्हणजे लॉग, उघडला. तीन चाळीस, पुढे माझे नाव. बदल चढवणे तिने तीन एकोणचाळीसला थांबवले. एकाच गटावर दोन नावे दिसली, दोन शेडनेट, दोन लॉट. जेठाचा नापास होता. बाईंचा पास होता, आणि उत्तम पास होता.

तिने तेवढ्याच ओळी चालत्या डेटाबेसात परत आणल्या. मग व्यवस्थापक आले, काय बिघडले ते ऐकून म्हणाले, "नव्या माणसाकडून होतं असं." ती खाली पाहत राहिली. मीही काही बोललो नाही. हे लिहिणे सोपे नाही, पण लिहितो: मी बोललो नाही.

नर-मादीच्या बियांची पाकिटे घेऊन मी स्वतः धावड्याला गेलो. चूक माझी होती, हे बाईंना सांगितले. त्या जाळीच्या दाराशी उभ्या होत्या.

"तुमच्या हापिसातला माणूस तर फोनवर पोरीचं नाव सांगून राह्यला," त्या म्हणाल्या. "जेठाचं फेल माझ्या नावावर लावलं, तवा मी बस धरून आले. ती पोरगी कुठं जाईल?" मग पाकिटे मोजून घेत म्हणाल्या, "बसा, चाय घ्या. धूप हाय."

परतल्यावर मी तडक व्यवस्थापकांकडे गेलो आणि कमांड माझी होती, हे सांगितले. ते हसले. म्हणाले, "सर, दुसऱ्याची चूक अंगावर घ्यायला मोठं मन लागतं." मी लॉग दाखवला. त्यांनी तो वाचला नाही. माझ्या पाठीवर हात ठेवला. निरोपसमारंभात तेच भाषण झाले, वर शाल मिळाली.

पोस्टग्रेसमध्ये तक्त्याला टीप जोडता येते. नवा नियम मुलीने गटनंबर आणि बीजोत्पादक मिळून केला, म्हणजे एका गटावर दोन नावे चालतील, तेच नाव दोनदा नाही. तेव्हा टीप मी सांगितली आणि तिने लिहिली. आधीचा नियम कोणी घातला, कमांड कोणी दिली, ओळी परत कोणी आणल्या, सारे त्यात आहे.

"सर, टीप कुणी वाचत न्हाई," ती म्हणाली.

"लिही," मी म्हणालो. "माझं नाव पूर्ण लिही."