रहिमान गादीवाल्याचं दीनी शिबिर

आष्ट्यातलं निम्मं गाव रहिमान नदाफने भरलेल्या गाद्यांवर झोपतं. गावाला झोपवण्याचा एवढा अनुभव असलेल्या माणसावर मशिदीच्या कमिटीने पोरांना जागं करायचं काम सोपवलं, आणि कुणालाही त्याचं नवल वाटलं नाही.

मे महिन्यातलं दीनी, म्हणजे धर्मशिक्षणाचं, शिबिर. आठवी ते दहावीची पोरं, सकाळी दोन तास, मोबाइल बंद. कमिटीने हैदराबादहून पुस्तकाच्या वीस प्रती मागवल्या होत्या. पुस्तक उर्दूत होतं. बैठकीत ते हातोहात फिरलं. प्रत्येकाने मधलंच एक पान उघडलं, मान हलवली आणि 'लय खोल लिव्हलंय' म्हणत पुढे दिलं. रहिमाननेही मान हलवली. कुराण शरीफ तो रोज वाचायचा. पण तिथे अक्षरांना उच्चार दाखवणाऱ्या जेर-जबरच्या खुणा असतात, उर्दूवाले त्या वाचणाऱ्याच्या हुशारीवर सोडतात. कमिटीतले सगळेच मराठी शाळेत शिकलेले. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणीच बोललं नाही.

त्याची बायको सुमैरा मात्र मिरजेच्या उर्दू शाळेतली. पहाटेच्या फजरच्या नमाजनंतर ती चहा टाकता टाकता घरी ठेवलेल्या प्रतीतून धडा वाचायची आणि रहिमान तो ऑर्डरींच्या वहीत, पानाच्या कोऱ्या बाजूला, देवनागरीत उतरवायचा. वर्गात वही पुस्तकाच्या पोटात. तिसऱ्या दिवशी पंख्याच्या वाऱ्याने पान उलटलं आणि सबुरीच्या धड्यात त्याने त्याच भारदस्त आवाजात वाचलं, "सहा बाय चार, कापूस आठ किलो, कापड हिरवं, उशा दोन."

मागून दहावीतला अफताब म्हणाला, "आमीन."

बावीस पोरांची आठवड्यात अकरा झाली. बाकीची कॅनॉलला पोहायला गेली. रहिमानला ते लागलं. वीस वर्षं कापूस पिंजताना त्याला कुणी उलट उत्तर दिलं नव्हतं. ही पोरं द्यायची, आणि ते त्याला आवडायला लागलं होतं. उरलेली अकरा टिकावीत, एवढंच त्याचं मागणं होतं.

मग सुमैरा भाचीच्या लग्नाला मिरजेला गेली, आणि नेमके त्याच सकाळी कमिटीचे अध्यक्ष लालासाहेब मुल्ला तपासणीला आले.

"वाचा, वाचा. मी बसलोय म्हणून थांबू नका."

रहिमानने पुस्तक उघडलं. पोटात वही होती, पण आजचा धडा तिच्यात उतरलाच नव्हता. आदल्याच दिवशी खरं बोलण्याचा धडा झाला होता. त्याने अकरा तोंडांकडे पाहिलं.

"साहेब, मला उर्दू वाचता येत न्हाई. घरची वाचून दाखवती, मी लिव्हून आणतो."

"मग बैठकीत मान कशाला हलवली?"

"तुमी हलवली म्हणून."

अफताबने अदबीने पुस्तक लालासाहेबांपुढे धरलं. "आज तुमीच वाचा की साहेब. तुमच्या तोंडनं ऐकू दे आमाला."

लालासाहेबांनी पुस्तक घेतलं, वजन बघितलं, मागचं-पुढचं कव्हर बघितलं. "छपाई झ्याक हाय," ते म्हणाले, आणि त्यांना एक अर्जंट काम आठवलं.

ते गेल्यावर रहिमान खाली बघत म्हणाला, "पोरांनो, मी तुमाला फसवलं."

"आवं चाचा, आमाला तवाच कळलंय."

"मग येत का राहिलासा?"

"उद्या कुणाची गादी निघती ते बघायला," अफताब म्हणाला. सगळी हसली. उद्या येणार का, ते मात्र कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचा रहिमानला धीर झाला नाही.

संध्याकाळी कमिटीने एकमताने ठराव केला: पुस्तक पोरांच्या वयाला जड आहे. प्रती कपाटात गेल्या. शिबिर रहिमानने स्वतःच्या जबाबदारीवर चालवावं.

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम दहा मिनिटं उशिरा निघाला, रिकामी चटई बघायला नको म्हणून. चटईवर चौदा पोरं होती.

"चाचा, चाचीनं पुस्तक नेलंय का मिरजेला?" अफताबने विचारलं.

"नेलंय की."

"मग लावा फोन."

मोबाइलबंदीचा नियम मोडून फोन मधोमध ठेवला गेला. लग्नघराच्या गलक्यातून सुमैराचा आवाज आला, "आधी तुमच्या चाचास्नी उभं करा. परवाचा धडा काय हुता विचारा. नुसतं उतरून घेत्यात, ध्यानात काय ठेवत न्हाईत."

रहिमान उभा राहिला. शेजारून अफताबने हळूच उत्तर पुरवलं, रहिमानने ते मोठ्याने म्हटलं, आणि मिरजेहून दोघांनाही ओरडा बसला.