शपथ न घालता परतलो

नवरात्रातल्या त्या मंगळवारी मी देवीकडे निघाले ती जवळजवळ भांडायलाच! दहावीतली माझी मुक्ता स्वतःच्या हाताला इजा करून घेते, हे मला नुकतंच कळलं होतं. मार्क चांगले, मैत्रिणी चांगल्या, घरात काही कमी नाही. मग हे आलं कुठून? मी रडले, ओरडले, तिच्या खोलीची कडी काढून टाकली. ती आणखीच गप्प झाली. शेवटी आमच्या घरचा हमखास उपाय आठवला. सासऱ्यांची तंबाखू अशीच सुटली होती, कर्णपुऱ्याच्या देवीच्या उंबऱ्यावर हात ठेवून शपथ घातल्यावर. मुक्तालाही तशीच शपथ घालायची, की सुटलो!

रांग जत्रेतल्या पाळण्यांपर्यंत गेलेली. मी तिला हळू आवाजात पढवत होते, "म्हणायचं, पुन्हा हाताला इजा करणार नाही." आमच्या मागे ओटीचं ताट घेतलेल्या एक बाई होत्या. मुक्ता पाणी प्यायला गेली तशा त्या माझ्याजवळ सरकल्या.

"ताई, रागावू नका, पण पोरीला शपथ नका घालू. हे लई अवघड असतंय, एका दिवसात सुटत नाय. चुकून मोडली, तर पोरगी तुमच्यापासून तर लपवीलच, देवीपुढं बी यायची नाय."

"मग मी करू तरी काय?"

"तिचं ऐका. मी शेंद्र्याकडच्या शाळेत समुपदेशन करते, अशी लेकरं माझ्याकडं येत्यात. मन भरून आलं की काय करायचं, हे शिकवता येतंय. व्हय, शिकवता येतंय!"

शिकवता येतं! इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी माझ्याशी आशेचं बोललं होतं.

गाभाऱ्यापाशी मुक्ता मुकाट्यानं उंबऱ्याकडे हात नेऊ लागली, तो मी माझ्या हातात धरला. "आई, ही तुझी. मला ऐकायला शिकव," एवढंच देवीला म्हटलं. मुक्ता माझ्याकडे बघतच राहिली.

पुढे त्या बाईंकडे आम्ही दोघीही जात राहिलो. मुक्ता शिकलीच, पण माझीही शाळा झाली. न दचकता विचारायचं, मध्ये न तोडता ऐकायचं, डॉक्टरांकडे जायला सांगितलं तर लाजायचं नाही. दहावीची धास्ती, चुलतबहिणींशी होणारी तुलना, सगळं हळूहळू तिच्या तोंडून बाहेर येऊ लागलं.

आणि मग दिवाळीनंतरची ती दुपार! मी शेंगदाणे भाजत होते. मुक्ता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आई, मला आत्ता पुन्हा तसं करावंसं वाटतंय. माझ्याजवळ बस ना."

ती सांगायला आली होती! शपथ घातली असती तर आली असती का? आम्ही तिथेच फरशीवर बसलो. ती रडली, बोलली, पुन्हा रडली, आणि ती लाट ओसरली. रांगेत त्या बाईंना नेमकं आमच्याच मागे कुणी उभं केलं, हे मी कुणाला विचारत नाही; मनातल्या मनात हात जोडते. लेकीला मुठीत धरून वाचवायला निघाले होते मी. मूठ देवीपुढे सोडली, आणि लेक आपणहून माझ्याकडे आली.

"आई, गॅस!" मुक्ता एकदम ओरडली. शेंगदाण्यांचा पार कोळसा झाला होता, आणि आम्ही दोघी डोळे पुसत खदखदून हसत होतो.