वावरातला बेंड

माझ्या भावानं बँकेतली पक्की नोकरी सोडली आणि तो पुण्याला गाड्या सुधरवायला गेला, तेव्हापासून बाबा त्याच्याशी बोलत नव्हते. गाड्या दुरुस्त करायला नव्हे, सुधरवायला. म्हणजे कंपनीनं नीट विचार करून बनवलेली धडधाकट गाडी घ्यायची आणि तिच्यातलं अर्धं काढून दुसरं बसवायचं. लोक त्यासाठी दूरदूरून येतात म्हणे. मी एकदा बाबांना हे समजावून सांगायला गेले. ते म्हणाले, "चांगल्या माणसाचं ऑपरेशन करते का कोनी?"

आजोबा जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात, म्हणजे शेतात, राबले. बाबा शिकले, जिल्ह्याच्या कचेरीत लागले, तिथूनच निवृत्त झाले. आमच्या घरातला पहिला पगार त्यांचा. निवृत्तीनंतर पवनारजवळ थोडं वावर घेतलं, तेही आजोबांची हौस म्हणून. त्यामुळे 'पक्की नोकरी' हे दोन शब्द ते जरा सरळ बसूनच उच्चारायचे. दादाची बँकेची ऑर्डर आली तेव्हा त्यांनी वर्ध्यात, आमच्या सिंदी मेघेत, पेढे वाटले होते, ज्यांच्याशी अबोला होता त्यांच्याही घरी. आणि ती नोकरी सोडल्याचं दादानं नुसतं फोनवर कळवलं. विचारलंसुद्धा नाही. बाबांना ते फार लागलं. लागणारच.

आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी. मी आर्वीच्या शाळेत शिकवते, रोज एसटीनं जाते-येते. दादा सुट्टीत आला की माझा पार पोस्टमन व्हायचा. बाबा समोर बसलेल्या दादाकडे न बघता मला म्हणायचे, "त्याले इचार, भाजी पाहिजे का." दादा ताटात बघत म्हणायचा, "बाबाले सांग, थोडीशी." एकदा माझं डोकंच फिरलं. भाजीचं पातेलं दोघांच्या मधोमध आपटलं आणि निघून गेले. दोघंही कोरडी पोळी खाऊन उठले. असली ही माणसं.

मला बाकी काही नको होतं. ही दोघं बोलायला हवी होती. भांडली असती तरी चाललं असतं.

मागच्या मे महिन्यात दादा त्याची टर्बोवाली गाडी घेऊन आला. गाडीत टर्बो आहे हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि टर्बो म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मला दादानं सांगितलं ते असं, की इंजिनाला जास्त हवा कोंबून भरवणारा तो एक पंखा असतो. हवा फिल्टरच्या डब्यातून एका प्लास्टिकच्या नळीनं त्या पंख्याकडे जाते. कंपनीची ही नळी वाकडीतिकडी, आतून घड्या घड्या असलेली, हवा तिच्यात अडखळते. ती काढून तिच्या जागी गुळगुळीत अॅल्युमिनियमचा पाइप बसवायचा त्याचा बेत होता. पाइप त्यानं पुण्याहून कापूनच आणले होते.

"पुण्यात तुझं एवढं दुकान हाय, अन् हे इथं अंगणात काऊन करून राह्यला?" मी विचारलं.

"तिथं गिऱ्हाइकांच्या गाड्यांतून सवड भेटत नाई," तो म्हणाला. खोटं. बाबांनी त्याचं काम एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून त्यानं हा सगळा घाट घातला होता. हे मला कळत होतं, आणि मला वाटतं बाबांनाही कळत होतं, कारण ते त्या दिवशी उकाड्यात ओसरीतून हलले नाहीत. पेपर डोळ्यांसमोर धरलेला, पण पान काही उलटत नव्हतं.

घोडं नेमकं एका वळणावर अडलं. पाइप टर्बोकडे वळतो तिथं रबरासारख्या सिलिकॉनचा एक बेंड, म्हणजे वाकडा जोड, लागतो. दादानं आणलेला बेंड तोकडा निघाला. माप घेताना चुकलं होतं, आणि वर्ध्यात तो मिळण्यासारखा नव्हता. दादानं बराच वेळ खटपट केली, मग कपाळाला हात लावून पायरीवर बसला. "ऱ्हायलं. जुनीच नळी लावतो," असं मला म्हणाला.

बाबांनी पेपर खाली ठेवला, स्कूटर काढली आणि कुठं जातो हे न सांगता भर उन्हात निघून गेले. मला वाटलं, कंटाळले. परत आले तेव्हा पायांशी पिशवी होती आणि पिशवीत वावरातल्या मोटारपंपाच्या पाइपाचा करडा पीव्हीसी बेंड होता. चिखल धुऊन, पुसून आणलेला.

आमच्याकडे वावरात पाइपाला पाइप जोडायचा तर तोंड जाळावर धरून मऊ करतात आणि गरम गरमच दुसऱ्या पाइपावर चढवतात. थंड झालं की घट्ट बसतं. बाबांनी सरळ स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला. बेंड फिरवत फिरवत शेकला, फडक्यात धरून धावत बाहेर आले आणि दादाच्या त्या चकचकीत अॅल्युमिनियमवर चढवला. बसला. असा बसला की जणू त्या गाडीसाठीच बनवला होता.

आणि मग बाबांनी, माझ्याकडे न बघता, थेट दादाला विचारलं, "गरमीनं काही होनार नाई ना याले?"

इतक्या वर्षांत त्याला उद्देशून बोललेलं ते पहिलं वाक्य. दादाच्या हातात पाना होता. जे गॅसवर मऊ होतं ते तापलेल्या इंजिनाशेजारीही मऊ होणार, हे मला, मराठी शिकवणाऱ्या बाईला, समजत होतं. दादाचा तर तो धंदाच होता. पण बाबा घामेघूम होऊन उभे होते, बोटं भाजलेली, आणि तोंडावर नोकरीतल्या दिवसांतली ती चमक होती. दादा म्हणाला, "नाई होत, बाबा. मस्त बसला."

त्या रात्री जेवताना मी एकही निरोप पोचवला नाही. बाबा दादाला विचारत होते, दादा बाबांना सांगत होता. मी आपली पोळ्या करत राहिले आणि पदराला डोळे पुसत राहिले, कांदा नसतानाही.

तो बेंड पुण्यापर्यंत पोचलाच नाही. समृद्धी महामार्गावर, दुपारच्या उन्हात, गाडी वेगात असताना तो आतून ओढला जाऊन चपटला. इंजिनाचा श्वासच कोंडला, गाडी रिक्षासारखी चालू लागली. दादानं ती दुसऱ्या गाडीनं ओढून नेली, पुण्यात नवा सिलिकॉनचा बेंड बसवला आणि बाबांचा चपटलेला बेंड टाकून दिला. हे सगळं आम्हाला दिवाळीत कळलं. त्या वेळी, मे महिन्यात, कळलं ते एवढंच की फोन वाजला, बाबांनी स्वतः उचलला आणि म्हणाले, "पोचला का? अन् बेंड?"

"एकदम झकास, बाबा," दादा म्हणाला असणार, कारण बाबा हसले.

त्यानंतर दर रविवारी सकाळी फोन. आधी बेंडाची विचारपूस, मग बाकीचं. कोणाच्या गाडीला काय लावलं, गिऱ्हाइक काय म्हणालं, जागेचा मालक बरा आहे का. हळूहळू बाबा सल्लेसुद्धा द्यायला लागले, ज्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. संध्याकाळी शेजारच्या निवृत्त कंपाउंडर काकांना टर्बो समजावून सांगायचे. "हवा कोंबते तो. अन् ती हवा आपल्या बेंडातून जाते." आपल्या बेंडातून, बरं का. काका बिचारे मान डोलवायचे. मी त्या महिन्यांत घरात गुणगुणत फिरायचे. इतकं सुख, आणि ते सगळं त्या एका 'झकास'वर उभं.

दिवाळीला दादा आला. गाडी फाटकात शिरते न शिरते तोच बाबा काकांना घेऊन उभे. "बोनेट खोल बरं," ते म्हणाले.

"आत्ता गरम हाय, बाबा. मंग दाखवतो."

"थंडी होऊ दे. आमाले काय घाई हाय?"

दादानं चहा घेतला, आंघोळ केली, परत चहा घेतला. त्याचा चेहरा मला ठीक दिसत नव्हता, पण प्रवासाचा शीण म्हणून मी सोडून दिलं. बाबा खुर्ची टाकून गाडीशेजारीच बसले होते. थोड्या वेळानं आत गेले आणि पेपरात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. वावरातला दुसरा बेंड होता. तोंड शेकून, रुंद करून, तयार केलेला. "पीव्हीसीचा काय भरोसा," काकांना सांगत होते. "वावरातच दोन उन्हाळे काढत नाई. एक जास्तीचा असलेला बरा."

मग दादाला बोनेट उघडावंच लागलं.

आत निळाशार सिलिकॉनचा बेंड होता. अगदी कंपनीचा वाटावा असा. काकांना काही कळलं नाही, ते "वा वा" म्हणाले आणि फराळाला आत गेले. बाबा वाकून बघत राहिले. त्यांनी त्या निळ्या बेंडावरून एक बोट फिरवलं.

"आपला कधी काढला?"

दादानं सगळं सांगितलं. रस्त्यावर काय झालं, गाडी कशी ओढून नेली. शेवटी म्हणाला, "तुमाले वाईट वाटलं असतं, बाबा. म्हून नाई बोललो."

बाबा रागावले नाहीत. मला वाटलं होतं आता फुटतील, एकदाचं सगळं बाहेर येईल, नोकरी, पेढे, सगळं. मी तर वाटच बघत होते. पण ते अगदी हळू बोलले. "वाटलं असतं तं वाटलं असतं. फुटलेले बेंड काय कमी बदलले मी? मी इचारलं होतं न तुले, गरमीनं काही होईल का म्हून. होते म्हनला असता तं बसून दुसरं काही पाह्यलं असतं दोघांनं." जरा थांबून म्हणाले, "लेकराले खेळन्यात घेते तसं घेतलं तू मले."

बाबांनी हातातला बेंड परत पेपरात गुंडाळला. दादा म्हणाला, "द्या न बाबा, ठेवतो गाडीत." बाबा म्हणाले, "कायले? तुले लागत नाई तो." तेही प्रेमानंच म्हणाले, हेच वाईट.

दादाचा मला राग येतो. आणि त्याच्या जागी मी असते, समोर घामेघूम झालेला बाप उभा असता, तर माझ्याच्यानं तरी 'हे चालणार नाही' म्हणवलं असतं का? नसतं. म्हणून तो राग धड त्याच्यावर निघत नाही आणि धड जिरत नाही. एवढं मात्र खरं की मनाचा मोठेपणा दोघांकडेही भरपूर होता, आणि दोघांनी मिळून त्याचं मातेरं केलं.

आता ते बोलतात. अबोला मुळीच नाही. जेवला का, तब्येत कशी, पाऊसपाणी काय म्हणते. पाहुण्याशी बोलावं तसं. टर्बोचं नाव नाही, दुकानाचं नाव नाही. दादा मुद्दाम अडचणी सांगतो, सल्ला मागतो. बाबा म्हणतात, "तुले बरोबर वाटते ते कर." पूर्वी बाबा रागावलेले होते तेव्हा निदान त्यांना काहीतरी हवं होतं त्याच्याकडून.

मागच्या महिन्यात दादानं पुण्यात स्वतःची मोठी जागा घेतली. फोनवर बाबांना म्हणाला, "फीत तुमीच कापाची, बाबा. मी गाडी घेऊन येतो घ्यायला." मी दाराशी उभी होते, आणि मनात नवस बोलत होते म्हटलं तरी चालेल.

बाबा म्हणाले, "कायले तरास घेतो? चांगलंच झालं असंन सगळं. फोटो पाठवजो."

आणि फोन माझ्या हातात दिला. तिकडून दादा अजून "बाबा, बाबा" म्हणत होता. मी म्हटलं, "दादा, मी हाय."